खंडेनवमीची हार्ड डिस्क

वय वाढतं एकीकडे आणि माणूस मोठं होतं भलतीकडेच, तसं माझं झालं. वय वाढलं लातूरकडं, आधी आईच्या आणि मग सासूच्या हाताखाली. पण मोठी झाले ती काळेवाडीत, दोन खोल्यांच्या घरात, माझी लेक वर्षा कॉलेजला जायला लागल्यावर. लोकांचं तरुणपण लग्नाच्या आधी येतं. माझं आलं केसांत पांढरं दिसायला लागल्यावर, आणि तेही वर्षाच्या कॉम्प्युटरच्या मागोमाग. तेव्हा तरुणपणाचं लिहायचं म्हटलं तर मला इथूनच लिहायला पाहिजे. नातवंडं हसतात, "आजी, तेव्हा तू तरुण कुठं होतीस?" होते बाबा. तुम्हाला कुठं माहीत.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं आणि खाली पत्र्याच्या शेडमध्ये वर्कशॉप. तिथं दिवसभर पत्रा ठोकायचा प्रेस चालायचा, धप्प, धप्प, धप्प. चहा ओतून ठेवला की कपात बारीक तरंग उठायचे. नवा पाहुणा दचकायचा. आम्ही दचकायचो तो बंद पडला की. वर्षाचे पप्पा चाकणला एका कंपनीत लेथ मशीनवर टर्नर होते. कंपनीची बस चौकात हॉर्न मारायची, आणि तो हॉर्न वाजायच्या आत त्यांच्या डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एखादी कोरडी भाजी गेलेली असायची. हे बोलायला कमी. मशीनवर बोलायची सवयच राहत नाही, आवाजात कोण कोणाचं ऐकणार, असं ते म्हणायचे. घरीसुद्धा खुणेनंच मीठ मागायचे.

कॉम्प्युटर घेतला वर्षाच्या अभ्यासासाठी. तो बसला देवघर आणि पिठाच्या डब्यांच्या मधल्या कोपऱ्यात. वर्षा कॉलेजला गेली की मी त्याच्यावरचं विणलेलं झाकण धुवायचं निमित्त करून तो चालू करायचे. पहिल्यांदा नुसतं माझं नाव लिहिलं. मराठी अक्षरं कुठल्या बटणावर आहेत ते कळेना, म्हणून टिकल्यांची पाकिटं कापून त्यांवर क, ख, ग लिहून ते तुकडे बटणांवर चिकटवले. वर्षा घरी आली आणि किंचाळली, "मम्मी, हे काय केलंयस कीबोर्डचं!" पण आठवड्याभरात तीच मैत्रिणींना सांगायला लागली की माझ्या मम्मीला मराठी टायपिंग येतं. मग शेजारच्या गल्लीतल्या मंडळाची आरती टाइप करून दिली. मग एका बारशाचं आमंत्रण. मग लग्नपत्रिका. आमच्या भागात सगळी बाहेरून आलेली माणसं, कोणी बीडचं, कोणी सोलापूरचं, कोणी कोकणातलं, आणि प्रत्येकाची पत्रिकेची तऱ्हा वेगळी. कोणाला वर खंडोबा पाहिजे, कोणाला तुळजाभवानी. कोणाला खाली मामांची नावं जाड अक्षरांत पाहिजेत. छापखानेवाला हे ऐकून घ्यायचा नाही. मी ऐकून घ्यायचे, चहा पाजून ऐकून घ्यायचे. म्हणून लोक माझ्याकडं यायला लागले. मी पत्रिका मांडून द्यायचे, ते छापखान्यात नेऊन छापायचे.

वर्षाचे पप्पा ह्याला "टिकटिक" म्हणायचे. "झाली का टिकटिक? मग वाढ." रागानं नाही म्हणायचे, पण म्हणायचे. वर्षाचं शिक्षण संपत आलं तसं त्यांच्या बोलण्यात यायला लागलं की तिला कंपनी लॅपटॉप देईल, मग हा डबा विकून टाकू आणि कोपऱ्यात एक कपाट करू. कपाटाची मापंसुद्धा त्यांनी घेऊन ठेवली होती. मी "बघू" म्हणायचे. बायकांचं "बघू" म्हणजे "नाही" असतं हे ह्यांना माहीत होतं, पण मी "नाही" का म्हणतेय हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. काय सांगणार? मला हे आवडतं म्हणून? आमच्यात असं कोणी बोलत नव्हतं.

वर्षाला नोकरी लागली तळवड्याच्या आयटी पार्कात, आणि लागल्या लागल्या ट्रेनिंगला हैदराबादला धाडलं. जायच्या आधी तिनं कॉम्प्युटर उघडून बघितला आणि डोक्याला हात लावला. "मम्मी, हा गच्च भरलाय. तुझे खंडोबा, तुझ्या तुळजाभवान्या, वर माझी सगळी सॉफ्टवेअरं. म्हणून हा असा रडत चालतो." दुसऱ्या दिवशी तिनं एक काळी चपटी डबी आणली, पानाच्या डब्यापेक्षा लहान, तिला एक वायर. म्हणाली, "ही बाहेरची हार्ड डिस्क. म्हणजे जास्तीचं कपाट समज. वायर इकडं लावायची, तुझं सगळं ह्यात कॉपी करून घ्यायचं." तिनं लावून दाखवलं, बारका निळा दिवा लागला, आणि कॉम्प्युटरात एक नवीन खण दिसायला लागला, रिकामा. रिकामी जागा बघून मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! दोन खोल्यांत संसार केलेल्या बाईलाच ते कळेल.

ती हैदराबादला गेली आणि मी सावकाश एकेक फोल्डर नव्या कपाटात लावायला बसले. आता कॉपी केलं की वस्तू दोन्हीकडं राहते, आणि कट केलं की इकडून उठते आणि तिकडं जाते, एवढं मला येत होतं. मी कट केलं. कणगीतलं धान्य नव्या कणगीत ओतल्यावर जुनीतही तेवढंच राहिलं, असं कुठं असतं का? आणि एका घरात एकाच वस्तूच्या दोन-दोन प्रती कशाला, नुसती अडगळ. सगळी पत्रिकांची, आरत्यांची, वास्तुशांतीची फोल्डरं नव्या डबीत गेली, कॉम्प्युटर हलका झाला, पळायला लागला. मी फोनवर वर्षाला सांगितलं, "केलं बाई सगळं." ती म्हणाली, "गुड." मी काय केलं ते तिनं विचारलं नाही, आणि मला वाटलं हेच गुड.

तेव्हा नवरात्र चालू होतं. घटातलं धान उगवून हाताएवढं झालं होतं, वर कडाकण्या टांगल्या होत्या. आमच्या घरी खंडेनवमीचं फार. कंपनीत मशीनची पूजा करून, पेढ्यांचा पुडा घेऊन हे पहिल्या शिफ्टवरून आले की घरची पूजा मांडायची. पाटावर तांबडं कापड, त्यावर त्यांचं मापं घ्यायचं वर्निअर, मायक्रोमीटर, पाने, हातोडी, आणि माझी विळी नि कात्री. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही म्हणजे नाही. एकदा मी कोथिंबीर चिरायला सुरी घेतली तर ह्यांनी ती न बोलता हातातून काढून घेऊन पाटावर ठेवली होती. तेव्हापासून खंडेनवमीला आमच्याकडं गवारीची भाजी, कारण गवार हातानं मोडता येते.

मी गवार मोडत बसले होते. हे आदल्या दिवशीच हत्यारांना तेलाचा हात देऊन ठेवायचे, पूजेच्या पाण्यानं गंज चढू नये म्हणून. सगळं मांडून झालं. मग ते उठले, कोपऱ्यात गेले, हार्ड डिस्कची वायर हळूच काढली आणि ती काळी डबी आणून विळीच्या शेजारी ठेवली. मी म्हटलं, "अहो, हे कशाला?"

"तुझं आहे ना?"

"माझी विळी ठेवलीय की."

"विळी घरची झाली. तुझं हे आहे." आणि मग माझ्याकडं न बघता, "लोक येतात ना काम घेऊन. मग हत्यारच झालं."

हातातली शेंग तशीच राहिली. इतकी वर्षं टिकटिक, टिकटिक ऐकलेल्या बाईच्या कामाला कोणी एकदम हत्यार म्हटलं तर तिचा हात थांबणारच. खाली प्रेस बंद होता, तिथंही पूजा होती, त्यामुळं घर इतकं शांत होतं की हे मंत्र म्हणून जे काही पुटपुटायचे ते मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं. त्यात बरीचशी आमच्या कुळातल्या देवांचीच नावं होती.

पूजा करताना ह्यांचा एक नियम. प्रत्येक हत्यारावर फूल राहिलं पाहिजे, पडता कामा नये. वर्निअरवर फूल टेकतं. हातोडीच्या दांड्याशी टेकतं. पण ती डबी गुळगुळीत, तिच्यावर झेंडू ठेवला की घरंगळायचा. ह्यांनी दोनदा ठेवून बघितला. मग डबी उचलून सगळ्या बाजूंनी बघितली, माप घेतल्यासारखी, आणि वायर घालायची ती बारकी खाच त्यांना सापडली. ते तोंड वर करून डबी उभी केली, आणि झेंडूचा देठ नखानं निमुळता करून अलगद त्यात बसवला. काय चपखल बसला! टर्नरचा हात शेवटी. मग अंगठ्यानं ओली हळद, कुंकू, आणि फुलानं पाणी शिंपडलं. मी बघत होते. आता वाचणारा म्हणेल, बाई, तुझ्या तोंडात काय मूग होते का? मूग नव्हते. मला ते फार सुंदर दिसत होतं. काळ्या डबीच्या डोक्यात तुरा खोवल्यासारखा झेंडू.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी पूजा उचलली. ह्यांनी फूल ओढलं तर फूल हातात आलं आणि देठ आतच राहिला, भिजून फुगलेला. ह्यांनी पिन घेतली, टोकरलं, थोडा निघाला. मी वायर घालून बघितली, ती पुरती जाईना. ह्यांनी जरा दाबून घातली. गेली. निळा दिवा काही लागला नाही. काढून बघितलं तर खाचेतली ती पितळेसारखी बारीक जीभ वाकडी झालेली आणि तिला हळद लागलेली.

मी वर्षाला फोन लावला. ती म्हणाली, "घाबरू नको, कॉम्प्युटरमध्ये ओरिजिनल आहेच की. तू कॉपीच केलंस ना?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मम्मी? कट केलंस?"

"तूच म्हणालीस ना, कपाट समज म्हणून."

वर्षा म्हणाली, "आता त्याला कोणी हात लावू नका. पप्पांना तर अजिबात लावू देऊ नको. दुकानात न्या." फोनचा आवाज मोठा होता, हे शेजारीच उभे होते. त्यांनी पिन खिशाला टोचून ठेवली आणि जाऊन खाटेवर बसले.

तेवढ्यात दारात शिंदेमामी, मागच्या गल्लीतल्या, हातात आपट्याची पानं. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. पत्रिका झाली ना हो आमच्या पोरीची? उद्या छापायला टाकायचीय."

"झालीच समजा," मी म्हटलं. झालीच होती. चारदा दुरुस्त करून झाली होती. आता होती कुठं, हा प्रश्न होता.

"नावं तेवढी बघा बरं परत. थोरलीच्या लग्नात धाकट्या चुलत्याचं नाव खाली गेलं तर ते बारशालासुद्धा आले नाहीत. ह्या वेळी सगळे चुलते एका ओळीत बसवलेत ना तुम्ही?"

"बसवलेत मामी. खांद्याला खांदा लावून."

त्या हसत गेल्या. मी दार लावलं आणि मनात हिशेब मांडला. शिंद्यांची एक पत्रिका पुन्हा करता आली असती. चुलत्यांची मला पाठ होती. पण बाकीचं? कोणाचा खंडोबा मी किती दुपारी बसून साफ केला होता, कोणत्या घरात आजोबांच्या नावापुढं काय लावायचं, कोणाची कुलदेवी कोणती, सगळं त्या डबीत. ते गेलं तर मला पुन्हा क, ख, ग पासून सुरू करावं लागलं असतं, आणि खरं सांगते, मी केलं नसतं. कपाटाला हो म्हटलं असतं. दोन दिवस वाईट वाटलं असतं, मग त्या कपाटात गोधड्या ठेवल्या असत्या. बाईच्या हातून गोष्टी अशाच सुटतात, कोणी हिसकावून घेत नाही.

पुरण शिजवून ठेवलं होतं ते तसंच झाकलं. हे म्हणाले, "चल." डबी त्यांनी स्वच्छ फडक्यात गुंडाळली, मायक्रोमीटर गुंडाळतात तशी, आणि शर्टाच्या आतल्या बाजूला धरली. स्कूटरवर मागं बसून मी सगळीकडं बघत होते, रिक्षांना झेंडूच्या माळा, ट्रकांना माळा, कारखान्यांच्या फाटकांना माळा. एवढा झेंडू मला कधी डोळ्यांत खुपला नव्हता.

पिंपरी कॅम्पात दुकान उघडं होतं, मुहूर्ताच्या खरेदीची गर्दी. दुकानदार पोट सुटलेला, हसरा माणूस. त्यानं डबी उलटी करून खाच बघितली, मग आमच्याकडं बघितलं. "काका, ह्यात फूल कोणी लावलं?"

हे म्हणाले, "मी."

"कालची पूजा?"

"हां."

"मी पण केली. पण माझा देव नुसतं दुकान बघून घेतो, मी पाणी नाय टाकत." बाजूची गिऱ्हाइकं हसली. ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी म्हटलं, "हसू नका हो, कामाचं सगळं ह्यात आहे."

"कॉम्प्युटरात कॉपी असेल ना, काकू?"

"नाही. सगळं ह्यातच."

त्याचं हसू थांबलं. त्यानं गर्दीतल्या एकाला थांबायला सांगितलं, स्टूल ओढलं, आणि पातळ पात्यानं डबीच्या कडेला फट पाडायला लागला. कट्ट करून आवाज आला. वरचं काळं कवच उघडलं आणि आतून एक चपटी, रुपेरी वस्तू निघाली, वेगळीच, स्वच्छ. हळदीचा ठिपकाही नाही. खाच बाहेरच्या डबीला होती, कवचाला चिकटलेल्या एका बारक्या पट्टीवर.

हे पुढं वाकले. "म्हणजे माल आत वेगळाच असतो होय?"

"माल आत असतो, काका. हे नुसतं घर." त्यानं ती रुपेरी वस्तू दुसऱ्या एका डबीत सरकवली, वायर लावली. काही झालं नाही. त्यानं वायर काढली, तोंडानं फुंकर मारली, परत लावली. आतून अगदी बारीक आवाज यायला लागला, जातं लांबून ऐकू यावं तसा. आणि दिवा लागला.

त्याच्या पडद्यावर एकामागून एक फोल्डरं उमटायला लागली. मी नावं घराण्यांची दिली होती, म्हणून पडद्यावर सगळी काळेवाडीच उभी राहिली. शिंदे, जाधव, माने, पवार थोरले, पवार धाकटे, कोकणातले सावंत, गणपती मंडळ, दत्तमंदिर. वर सरकवावं तशी खालून नवी नावं येत होती. हे वाचत होते, ओठ हलवत, पूजेला हलवतात तसे. एका ठिकाणी म्हणाले, "हा माने माझ्या बसला असतो. त्याच्या पोराची पत्रिका तू केलीस?"

"मग कोणी केली?"

"त्यानं बसमध्ये सगळ्यांना वाटली होती. म्हणाला, काळेवाडीतल्या एका बाईकडून करून घेतली." थोडं थांबून म्हणाले, "मी म्हटलं, चांगली आहे." त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी दुसरीकडं बघितलं.

दुकानदारानं बजावून सांगितलं, एक वस्तू नेहमी दोन ठिकाणी ठेवा, एकाच जागी ठेवलेली वस्तू म्हणजे ठेवलेलीच नाही. ते मी आजतागायत पाळते. एक प्रत माझ्याकडं, एक पिंपळे सौदागरला वर्षाच्या घरी, तिच्या कपाटात साड्यांच्या खाली. नव्या डबीचे पैसे घेऊन दुकानदार जुनी डबी टोपलीत टाकणार तेवढ्यात ह्यांनी हात पुढं केला. "ते इकडं द्या."

"काका, आता ते कामाचं नाय."

"पूजा झालेली वस्तू आहे," हे म्हणाले, आणि ते हळद लागलेलं कवच त्याच फडक्यात गुंडाळलं. घरी येऊन आम्ही पुरणपोळ्या केल्या, म्हणजे मी लाटल्या आणि ह्यांनी तव्यावर उलटल्या. असं ह्यांनी आधी कधी केलं नव्हतं. दोन फाटल्या. कपाटाचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. मापं लिहिलेला कागद कुठं गेला मला माहीत नाही, मी शोधलाही नाही.

पुढच्या खंडेनवमीला मात्र माझी पंचाईत झाली. एका घरची पत्रिका दसऱ्याच्या मुहूर्ताला द्यायची होती आणि मी सकाळपासून बसलेली. हे शिफ्टवरून आले, हात-पाय धुतले, पाट मांडला. वर्निअर, मायक्रोमीटर, पाने, विळी, कात्री. शेवटी त्यांनी फडक्यातून ते रिकामं कवच काढलं, विळीच्या शेजारी उभं केलं, आणि झेंडूचा देठ निमुळता करून त्याच खाचेत बसवला. मी लगबगीनं कॉम्प्युटर बंद करायला निघाले. पूजा म्हणजे पूजा, आज हत्याराला हात लावायचा नाही, हे मला ह्यांच्याकडूनच माहीत. वायरीला हात घातला, निळा दिवा लुकलुकत होता.

"राहू दे," हे पाटावरूनच म्हणाले, पाठ माझ्याकडं. "काम चालू आहे ना? मशीन फिरत असताना हत्यार काढत नसतात." आणि पळीभर पाणी घेऊन त्यांनी ते माझ्या रिकाम्या डबीवर शिंपडलं, निर्धास्त.

मी बसले. गवार मोडायची राहिली होती. ती त्या दिवशी त्यांनी मोडली.